भाऊसाहेब शेंडेकरांची स्पष्ट भूमिका

एका जंगलात एक पाणवठा होता. आता तुम्ही विचाराल, कुठल्या जंगलात? मुलांनो, गोष्टीत असं विचारायचं नसतं. नाव सांगितलं की तिथली मंडळी भांडायला येतात. एका जंगलात म्हणजे एका जंगलात. मागच्या ओळीतल्यानं नाकातलं बोट काढावं आणि ऐकावं.

पाणवठ्याच्या काठावर जांभळीचं एक उंच झाड होतं. झाडाच्या शेंड्यावर एक वानर बसायचा, म्हणून सगळे त्याला शेंड्या म्हणायचे. झाडाखाली पाणी प्यायला चितळांचा कळप यायचा. त्या कळपात कवडी नावाची एक चितळीण होती. ही गोष्ट तिची आहे. मध्येच तुम्हाला वाटेल की ती वानराची आहे, कारण तो फार बोलतो. पण तुम्ही फसू नका. मोठी माणसं फसतात तेवढी पुरे.

त्या पाणवठ्यावर एक रीत होती. चितळ पाणी प्यायला मान खाली घालतं, तेव्हा त्याला समोरचं दिसत नाही आणि मागचं तर नाहीच नाही. अशा वेळी शेंड्या वर बसून चारी बाजूंना बघायचा. गवतात बिबळ्याचा कान जरी हलला तरी तो "खॅक्, खॅक्" असं ओरडायचा आणि चितळं उधळायची. शेंड्याला तहान लागली की तो खाली उतरायचा. वानराला जमिनीवर भारी भीती वाटते. मग चितळं त्याच्याभोवती उभी राहायची आणि वाऱ्याला नाक लावून हुंगायची. तू पी, मी बघतो. मी पितो, तू हुंग. एवढाच सगळा कारभार. त्याला समिती नव्हती, अनुदान नव्हतं, उद्घाटनही कुणी केलेलं नव्हतं. म्हणून तो नीट चालला होता.

कवडीची स्वतःची आणखी एक युक्ती होती. पाणी पिताना ती डोळे उघडे ठेवायची. पाण्यात जांभळीचं प्रतिबिंब पडायचं आणि त्यात शेंड्याची लोंबती शेपटी दिसायची. शेंड्याला धोका दिसला की आधी त्याची शेपटी ताठ व्हायची, मग तोंडातून आवाज निघायचा. मध्ये एक श्वास जायचा. तेवढ्या श्वासात कवडी निम्मा काठ चढून गेलेली असायची. हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि आता ती आपल्या पाडसाला, बुंदीला, शिकवत होती.

"पाण्यात काय बघायचं?" कवडी विचारायची.

"शेपटी," बुंदी म्हणायची. "आणि माझं तोंड कधी बघायचं?"

"मोठी झाल्यावर."

बरं चाललं होतं. पण बरं चाललेलं फार दिवस कुणाला बघवत नाही, राजाला तर नाहीच. राजा म्हणजे सिंह. तो दिवसभर झोपायचा आणि उठला की जंगलाची चिंता करायचा. एकदा चिंता जरा जास्त झाली आणि त्यानं दवंडी पिटवली. महासभा भरणार आहे, प्रत्येक पाणवठ्यानं आपला एक प्रतिनिधी पाठवावा.

झालं. पाणवठ्यावर सभा भरली. कुणीतरी रानडुकराचं नाव काढलं, पण तो बोलायला लागला की चिखल उडतो. कुणी साळिंदराचं नाव काढलं, पण त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार होईना. तेव्हा कवडी उठली.

"आपल्या शेंड्यासारखा राखणदार साऱ्या रानात नाही," ती म्हणाली. "त्याची नजर लांब जाते आणि आवाज त्याहून लांब जातो. आपलं गाऱ्हाणं राजाच्या कानावर घालायचं तर असाच आवाज पाहिजे."

ती अगदी मनापासून बोलली. सगळ्यांना पटलं. तुम्हालाही पटलं असतं, उगीच शहाणपणाचा आव आणू नका. सगळ्यांनी शेपट्या वर केल्या. त्या रानात मत असंच देतात. शेंड्या निवडून आला. त्याच्या गळ्यात पळसफुलांची माळ पडली, ढोल वाजले, रानडुकरानं खिलाडूपणानं चिखल उडवला.

आता झाडावर कोण बसणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर चांगल्या कार्यात खोडा घालतो म्हणून विचारणाऱ्यालाच हाकललं असतं.

शेंड्याचे डोळे भरून आले होते. "कवडे," तो म्हणाला, "तुझे उपकार मी विसरणार नाही."

तेही त्यानं पाळलं. पुढे प्रत्येक भाषणात तो तिचे उपकार सांगायचा.

शेंड्या महासभेत गेला आणि भाऊसाहेब शेंडेकर झाला. तिथं गेल्यावर त्याला कळलं की जंगल केवढं मोठं आहे आणि त्यात किती विषय आहेत. आणि प्रत्येक विषयावर भूमिका घ्यावी लागते. ज्याची भूमिका नाही त्याला मागच्या फांदीवर बसवतात.

भाऊसाहेबांनी भूमिका घ्यायला सुरुवात केली. दूरच्या वाळवंटात उंटाला कुबडं किती असावीत, यावर ते बोलले. एकच असावं, अशी त्यांची ठाम भूमिका होती. समुद्राचं पाणी खारट ठेवावं की गोड करावं, यावर बोलले. बेडकांनीसुद्धा डरकाळीतच बोलावं, यावर बोलले. साऱ्या जंगलांत पौर्णिमा एकाच रात्री व्हावी, अशी त्यांनी मागणी केली. एक म्हातारं घुबड म्हणालं, "ती एकाच रात्री होते." त्या घुबडाला जंगलद्रोही ठरवून हाकलून दिलं.

पण भाऊसाहेबांचा खरा हातखंडा विषय म्हणजे सीमेपलीकडचा वाघ. डोंगररांगांच्या पलीकडे दुसरं जंगल होतं आणि तिथं एक वाघ होता म्हणे. त्याला कुणी पाहिलं नव्हतं. भाऊसाहेब उभे राहायचे, जुनी सवय म्हणून आधी "खॅक्, खॅक्" करायचे आणि त्या वाघाबद्दल असं काही बोलायचे की सिंहाच्याही अंगावर काटा यायचा. टाळ्या थांबायच्या नाहीत. जंगलभर नाव झालं. पाणवठ्यावरच्या प्राण्यांचीही मान ताठ झाली. आपला शेंड्या, म्हणायचे. आपल्या झाडावर बसायचा.

झाड रिकामं होतं.

रिकाम्या झाडाची बातमी जंगलात कुणाला आधी कळते? बरोबर. पाणवठ्याला लागून करवंदीची एक दाट जाळी होती. तिथं एक बिबळ्या राहायला आला. त्याचं नाव बिबटराव. गृहस्थ शांत, मितभाषी, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. फक्त भूक लागली की बाहेर यायचा.

पहिल्याच आठवड्यात कवडीची धाकटी बहीण चांदणी गेली. कवडीच्या शेजारी पाणी पीत होती, आणि मग नव्हती. कवडीनं पाण्यात बघितलं होतं. पाण्यात नुसत्या फांद्या दिसत होत्या.

त्यानंतर कळप पाणवठ्यावर जायला भिऊ लागला. भर दुपारी, ऊन टाळकं भाजत असताना, घाईघाईनं चार घोट घ्यायचे आणि पळायचं. पहाटे गवतावरचं दव चाटायचं. कवडीचं दूध आटायला लागलं. बुंदीच्या ओठांना चिरा पडल्या. रात्री ती झोपेत जीभ फिरवायची, आणि कवडी ते बघत जागी राहायची. तिनंच तर शेंड्याचं नाव सुचवलं होतं.

शेवटी ती भाऊसाहेबांना भेटायला निघाली.

महासभा नसेल तेव्हा भाऊसाहेब मोठ्या वडाखाली दरबार भरवायचे. तिथं मुंग्या, मधमाश्या, वटवाघळं, सगळ्या समाजांची रांग असायची. भाऊसाहेब सगळ्यांना पाठिंबा द्यायचे. मुंग्यांना वारूळ पाहिजे होतं, त्यांना पाठिंबा. अस्वलाला ते वारूळ खायचं होतं, त्यालाही पाठिंबा. दाराशी चपळाबाई नावाची एक खार बसायची. ती त्यांची चिटणीस.

"विषय?" चपळाबाईंनी विचारलं.

"पाण्याचा," कवडी म्हणाली.

"कुठल्या समुद्राच्या?"

"आमच्या पाणवठ्याच्या. तिथं बिबळ्या आलाय. माझी बहीण नेली."

"म्हणजे विषय स्थानिक," चपळाबाई म्हणाल्या. आवाज असा, की जणू कवडी पायाला काहीतरी लावूनच आत आली आहे. "स्थानिक विषय मंगळवारी."

"आज मंगळवारच आहे."

"आज भाऊसाहेबांचा मंगळवार नाही."

पण वरून भाऊसाहेबांनी तिला पाहिलं आणि सरसर खाली आले. तिच्या गळ्यात पडले. ढोंग नव्हतं ते. चांदणीचं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं. वानर मुळात वाईट नव्हता हो, मी कुठं तसं म्हटलंय?

"कवडीताई, काळजी करू नका," ते म्हणाले. "चितळ समाजाच्या पाठीशी मी खंबीरपणे उभा आहे."

"पाठीशी उभं राहू नका, भाऊसाहेब. झाडावर बसा. रोज दिवस मावळताना, थोडा वेळ. पूर्वी बसायचात तसं."

भाऊसाहेब शेपटीशी चाळा करत राहिले.

"बसलो असतो गं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण आता मी एका झाडाचा राहिलो नाही. मी त्या झाडावर बसलो तर बाकीच्या झाडांना काय वाटेल?"

"बाकीच्या झाडांवरही तुम्ही बसत नाही."

"म्हणूनच कुणाची तक्रार नाही."

"मग दुसऱ्या कुणाला तरी बसवा. माझ्या बुंदीला पाणी मिळत नाही."

"नेमणूक ही धोरणाची बाब आहे. त्यावर माझी भूमिका ठरायची आहे. पण तुमची व्यथा मी महासभेत मांडतो. शब्द देतो."

आणि त्यांनी मांडली. काय बोलले, काय बोलले! सारी महासभा हळहळली. एवढ्या बिकट परिस्थितीतही पाणी पिणाऱ्या चितळांच्या धैर्याबद्दल महासभेनं अभिनंदनाचा ठराव केला. कावळ्यानं तो पाणवठ्यावर येऊन मोठ्यानं वाचून दाखवला. चितळांनी तो लांबून ऐकला. जवळ यायची सोय नव्हती.

अभिनंदनानं तहान भागली नाही, हे भाऊसाहेबांच्या कानावर गेलं. तेव्हा त्यांनी ठरवलं, या समाजासाठी काहीतरी भरीव करायचं. पण एकट्या चितळांसाठी केलं तर पक्षपात दिसतो. म्हणून त्यांनी सगळ्या ठिपकेवाल्यांचा मेळावा बोलावला. वडाखाली मांडव पडला. ठिपकेदार समाज एकवटला पाहिजे, अशी हाक दिली गेली. चितळं आली. ठिपक्यांची मुनिया आली, ठिपक्यांचं कासव आलं. आणि बिबटराव आले.

का नाही येणार? ठिपके कुणाच्या अंगावर जास्त आहेत, तुम्हीच सांगा.

व्यासपीठावर कवडीला बिबटरावांच्या शेजारची जागा मिळाली. बिबटरावांनी अदबीनं मान झुकवली.

"आपल्या भगिनींचं फार वाईट झालं," ते म्हणाले. "फार गोड स्वभाव."

कवडीला ओरडावंसं वाटत होतं, त्याला लाथ घालावीशी वाटत होती. पण गळ्यात हार होता, समोर समाज होता, आणि मांडवाच्या कडेला बुंदी बसली होती.

भाऊसाहेबांनी भाषण केलं. "आपल्याला आपसात भांडवण्याचं कारस्थान चालू आहे," ते म्हणाले. "कोण म्हणतो हा खाणारा आणि ती खाल्ली जाणारी? दोघंही ठिपकेदार. बिबट्या समाजाच्या आहारपरंपरेचा मला आदर आहे, आणि चितळ समाजाच्या जगण्याच्या इच्छेलाही माझा पाठिंबा आहे. माझी भूमिका स्पष्ट आहे."

मग पाणवठा संरक्षण समिती जाहीर झाली. पाणवठ्याची खडान्‌खडा माहिती असलेला, तिथं कायम मुक्काम असलेला सदस्य अध्यक्ष हवा होता. बिबटराव अध्यक्ष झाले. टाळ्या पडल्या. कवडीला सदस्य केलं. अध्यक्ष बोलावतील तेव्हा तिनं हजर राहायचं होतं.

उन्हाळा चढला. पाणी काठापासून आत गेलं. समितीनं पाणवठ्याच्या वाटेवर बांबूची एक मोठी कमान उभी केली. तिच्यावर भाऊसाहेबांचा चेहरा रंगवलेला होता आणि खाली लिहिलं होतं, सर्व तहानलेल्यांचं हार्दिक स्वागत. कमानीच्या उद्घाटनाला खुद्द भाऊसाहेब येणार, आणि जांभळीच्या झाडावरून बोलणार, अशी दवंडी फिरली.

कवडीनं ते ऐकलं आणि तिच्या मनात कितीतरी दिवसांनी उजेड पडला.

"बुंदे," ती म्हणाली, "आज पोटभर पाणी प्यायचं. आज झाडावर शेंड्या आहे."

तिला वाटलं, एकदा का तो त्या फांदीवर बसला की रीत आठवल्याशिवाय राहायची नाही. भाऊसाहेब असेल नाहीतर राजा असेल. फांदी तीच आहे, पाणी तेच आहे, कवडी तीच आहे. भाबडीच होती बिचारी. पण तिची तरी काय चूक? त्या फांदीनं तिला आजवर कधी दगा दिला नव्हता.

दिवस कलताना सगळे जमले. भाऊसाहेब झाडावर चढले आणि जुन्या जागी बसले. चितळांचा कळप काठाकाठानं पाण्यापर्यंत उतरला. वर भाषण सुरू झालं. उद्घाटन कमानीचं होतं, त्यामुळे विषय अर्थातच सीमेपलीकडचा वाघ होता.

"तो वाघ टपून बसला आहे," भाऊसाहेब गरजले. "त्याची नजर आपल्या पाण्यावर आहे, आपल्या लेकराबाळांवर आहे. पण मी जागा आहे. तो हलला की मला दिसतो."

खाली बुंदीनं पाण्यात तोंड घातलं. गटागटा पीत होती. कवडी तिच्या शेजारी वाकली आणि सवयीनं पाण्यात बघू लागली. फांद्या, ढगाचा तुकडा, आणि तीच शेपटी, लोंबणारी. किती दिवसांनी दिसली. कवडीला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात करवंदीची जाळी हलली.

भाऊसाहेबांना दिसलं. एवढ्या उंचीवरून त्यांना न दिसून कसं चालेल? बिबटराव पोट जमिनीला लावून गवतातून सरकत होते आणि त्यांची नजर बुंदीवर होती. भाऊसाहेबांचं वाक्य तुटलं. सगळी भाषणं, सगळ्या भूमिका कुठल्या कुठं गेल्या आणि नुसता शेंड्या उरला. त्याची शेपटी ताठ झाली. छाती फुगली. आवाज घशापर्यंत आला.

"भाऊसाहेब," बाजूच्या फांदीवरून चपळाबाई कुजबुजल्या, "ते अध्यक्ष आहेत. आणि विषय स्थानिक आहे."

आवाज घशातच थांबला. भाऊसाहेबांनी आवंढा गिळला.

पण खाली कवडीनं शेपटी पाहिली होती. ती आवाजाची वाट बघत थांबली नाही. तिनं डोक्यानं बुंदीला अशी ढुशी दिली की ते पाडस कोलमडत, भेलकांडत काठावर गेलं आणि उधळलं. बिबटरावांनी झेप घेतली. कवडी आडवी पळाली, कमानीखालून. बिबटराव तिच्यामागे वळले आणि कमानीच्या बांबूवर आदळले. ती अख्खी कमान, चेहऱ्यासकट, स्वागतासकट, त्यांच्या अंगावर कोसळली. त्या कमानीचा पाणवठ्याला झालेला हा पहिला आणि शेवटचा उपयोग.

कळप टेकाडावर जाऊन थांबला. कवडीनं बुंदीला शोधलं. बुंदीच्या मांडीवर नखांचे ओरखडे होते, पण ती उभी होती, धापा टाकत होती, आणि तिची हनुवटी अजून ओली होती. कवडीनं ती चाटली, मग जखम चाटली, मग पुन्हा हनुवटी चाटली. ती थांबेचना.

भाऊसाहेब धावत तिथं आले.

"घडल्या प्रकाराचा मी तीव्र निषेध करतो," ते म्हणाले.

"कुणाचा?" कवडीनं विचारलं.

"प्रकाराचा."

कवडी त्यांच्याकडे वळली. "शेंड्या," ती म्हणाली. निवडून आल्यापासून या नावानं त्याला कुणी हाक मारली नव्हती. "तुझी शेपटी उठली होती. मी पाहिली."

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. पण तेवढ्यात चपळाबाईंनी महासभेच्या बैठकीची आठवण केली, आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडी टेकडीपलीकडे गेली. तिथं तात्या घोगरे नावाचा एक वानर एकटाच राहायचा. लहानपणी उंबर घशात अडकल्यापासून त्याचा आवाज बसला होता. त्याची शेपटी मध्येच वाकडी होती. स्वभाव तर विचारूच नका. कुणी राम राम केला तरी "काय काम आहे?" म्हणायचा.

"काय काम आहे?" तात्या म्हणाला.

"जांभळीवर बसायचं. संध्याकाळी. बिबळ्या दिसला की ओरडायचं."

"माझा आवाज पाणवठ्यापलीकडे जात नाही."

"आम्ही पाणवठ्याच्या अलीकडेच असतो."

तात्यानं विचार केला. "जांभळं सगळी माझी. आणि मला हार घालायचा नाही. हारातल्या मुंग्या चावतात."

"मी पाया पडते तुझ्या. नाही घालणार."

त्या संध्याकाळपासून तात्या जांभळीवर बसू लागला. खाली चोखलेल्या बिया टाकायचा, चितळांना शिव्या द्यायचा, लवकर प्या म्हणून खेकसायचा. आणि जाळी हलली की घोगरं "खॅक्" करायचा. फुटक्या मडक्यावर काठी मारावी तसा आवाज. पण तेवढा पुरायचा. पाण्यात वाकडी शेपटी दिसायची. बुंदी लवकरच वाकडी शेपटी वाचायला शिकली. बिबटराव काही दिवस रिकाम्या पोटी बसले, मग दुसऱ्या जंगलात बढतीवर गेले. कवडीचं दूध परत आलं.

आता गोष्ट संपली असं वाटतंय ना? बसा खाली. निवडणूक राहिली.

महासभेची मुदत संपली आणि पाणवठ्यावर पुन्हा सभा भरली. भाऊसाहेब आले होते. जरा थकल्यासारखे दिसत होते. रानडुकराला या वेळी कंठ फुटला होता.

"मंडळी," तो म्हणाला, "आपण मागे चुकलो. या वेळी काम करणारा निवडू. आपल्या तात्या घोगऱ्यासारखा राखणदार साऱ्या रानात..."

कवडीच्या अंगातून वीज गेली. हे शब्द तिचे होते. ती जागची उठली.

"खबरदार," ती म्हणाली. "तात्याचं नाव काढाल तर. तो आळशी आहे. बसल्या बसल्या झोपतो. आमची जांभळं खातो आणि आम्हाला एक देत नाही. तोंड तर गटारासारखं. त्याला साधं समोरचं दिसत नाही, तो राजाला काय सांगणार? मी भाऊसाहेब शेंडेकरांचं नाव सुचवते."

चितळांना हळूहळू काहीतरी उमगलं. एक शेपटी वर गेली, मग दुसरी, मग सगळ्या. साळिंदरानंही काटे उभे केले. भाऊसाहेब बिनविरोध निवडून आले.

ते गहिवरले. "एवढं सगळं होऊनही," ते म्हणाले, "चितळ समाजाचा माझ्यावर हा विश्वास..." हार पडले. ढोल वाजले. पाणवठ्यानं त्यांना वेशीपर्यंत वाजतगाजत पोचवलं, आणि ते डोंगरामागे दिसेनासे होईपर्यंत कवडी शेपटी हलवत उभी राहिली. जरा जास्तच वेळ उभी राहिली. खात्री करून घेत होती.

संध्याकाळी कळप पाण्यावर उतरला. तात्या झाडावर होता, पण पाठ फिरवून बसला होता. बिया टाकत नव्हता. शिव्याही देत नव्हता.

"सगळं ऐकू आलं मला इथं," तो म्हणाला. "चारचौघांत एवढं वाईट बोललीस माझ्याबद्दल."

कवडीनं वर बघितलं.

"तात्या," ती म्हणाली, "माझं लेकरू पाणी पितंय. गरज पडली तर याहून वाईट बोलेन."

तात्या सरळ होऊन बसला आणि एक जांभूळ, चांगलं पिकलेलं, नेमकं बुंदीच्या पुढ्यात पडलं.

"निसटलं हातातून," तात्या खेकसला. "लवकर प्या."

तात्पर्य : मुलांनो, ज्याच्यावाचून आपलं अडतं त्याला कधी निवडून देऊ नये, आणि चारचौघांत त्याचं कौतुक तर मुळीच करू नये. ज्याच्यावाचून आपलं काही म्हणजे काही अडत नाही, त्याला मात्र भरघोस मतांनी विजयी करावं, आणि तो पुरेसा लांब गेला आहे याची खात्री करून मगच पाणी प्यावं.